गिळायचा कॅमेरा आणि लहान मुलाचे आतडे

केळीच्या बागेत अंथरलेली ठिबक सिंचनाची नळी फैजपूरच्या विद्यार्थ्याला काय किंवा यावल-रावेर तालुक्यांतल्या कुठल्याही गावच्या विद्यार्थ्याला काय, निराळी समजावून सांगायला नको. समजा, अशा नळीत कोठेतरी बिघाड झाला आहे. एका टोकाला पाणी बरोबर येते, पण दुसऱ्या टोकाकडची झाडे सुकू लागली आहेत. शेतकरी काय करतो? नळीच्या कडेकडेने चालत जातो, कोठे गळते आहे, कोठे तुंबले आहे ते पाहतो आणि तेवढाच तुकडा दुरुस्त करतो. नळी जमिनीवर उघडी पडलेली आहे म्हणून हे साधते.

आता अशीच एक मऊ नळी, सुमारे साडेचार मीटर लांबीची, वेटोळी करून पाच वर्षांच्या मुलाच्या पोटात बसवलेली आहे. तिच्यात कोठेतरी थेंब थेंब रक्त गळते आहे. तिच्या कडेने चालत जायला वाट नाही. मग बिघाड शोधायचा कसा?

ही नळी म्हणजे लहान आतडे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे लहान आतडे साधारण पावणेतीन मीटर लांब असते. ते वाढत जाऊन मोठ्या माणसात सहा मीटरांच्या आसपास जाते. त्याला ‘लहान’ म्हणतात ते रुंदीमुळे, लांबीमुळे नव्हे. त्याच्या आतल्या अस्तराला घड्या असतात आणि त्या घड्यांवर मखमलीसारखे सूक्ष्म अंकुर असतात. हे सारे अस्तर पसरले तर टेनिसचे मैदान झाकेल, असे जुन्या पुस्तकांत वाचायला मिळते. २०१४ साली स्वीडनमधील दोन संशोधकांनी नव्याने मोजमाप केले, तेव्हा हा आकडा फुगवलेला निघाला. मोठ्या माणसाच्या संपूर्ण पचनमार्गाचे आतले क्षेत्रफळ त्यांच्या हिशेबाने तीस-बत्तीस चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानाच्या निम्म्याहून थोडे कमी भरते. तरीही एका पोटात मावलेला हा पसारा काही थोडाथोडका नाही. आपण खाल्लेल्या अन्नातला बहुतेक सगळा कस येथेच रक्तात शोषला जातो.

पोटाच्या तक्रारीसाठी ‘दुर्बीण टाकून पाहावे लागेल’ असे डॉक्टरांनी सांगितल्याचे तुम्ही घरात कधी ऐकले असेल. ही दुर्बीण म्हणजे लवचिक नळीच्या टोकावरचा कॅमेरा. तोंडातून घातलेली दुर्बीण अन्ननलिका आणि जठर ओलांडून आद्यांत्रापर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या वळणापर्यंत पोहोचते. गुदद्वारातून घातलेली दुर्बीण सगळे मोठे आतडे पाहून लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरांत डोकावते. दोन्ही टोके उजेडात आली, पण मधला लांबच लांब पट्टा अंधारातच राहिला.

चमचाभर रक्ताचा हिशेब

त्या अंधारात काय चालले आहे याला एवढे महत्त्व का, हे एका साध्या हिशेबावरून कळेल. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. मुलाच्या आतड्यातून रोज एक लहान चमचा, म्हणजे ५ मि.लि. रक्त गळत असेल, तर रोज अडीच मिलिग्रॅम लोह बाहेर जाते. अन्नातून मात्र मुलाच्या अंगी रोज जेमतेम एक मिलिग्रॅम लोह लागते. जमा एक, खर्च अडीच! काही महिन्यांत शिल्लक संपते. मूल फिकट दिसू लागते, धावताना दमते, वर्गात पेंगते. चमचाभर रक्त शौचात मिसळून गेले तर डोळ्यांना दिसतही नाही. रक्त पुष्कळ गेले तरच शौचाला डांबरासारखा काळा रंग येतो. (लोहाच्या गोळ्या चालू असल्या तरीही शौच काळसर होते, म्हणून नुसत्या रंगावर भिस्त ठेवून चालत नाही.)

फैजपुरातल्या अशा एका पाच वर्षांच्या मुलीची कल्पना करा. लोहाचे औषध सुरू आहे तोवर ती टवटवीत असते. बंद केले की दोन महिन्यांत पुन्हा फिकी पडते. अशा मुलीला थेट कॅमेरा गिळायला द्यायचा का? मुळीच नाही. जाणता डॉक्टर आधी शौचाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहील. कारण ओल्या, सावलीच्या मातीत अनवाणी फिरणाऱ्या मुलांच्या तळपायांच्या त्वचेतून अंकुशकृमीच्या अळ्या शरीरात शिरतात आणि अखेर लहान आतड्याच्या भिंतीला तोंड रोवून बसतात. त्यांच्या एका जातीचा एक कृमी दिवसाला मिलिलिटरच्या पाचव्या हिश्श्याइतके रक्त नासवू शकतो. असे पंचवीस कृमी असले की आपला चमचा भरला! आणि यावरचा इलाज म्हणजे साधी जंतनाशक गोळी. २०१५ सालापासून दर वर्षी १० फेब्रुवारीच्या सुमारास शाळांत आणि अंगणवाड्यांत जी गोळी देतात, तीच ही. कॅप्सूलच्या कॅमेऱ्यात भिंतीला चिकटलेले अंकुशकृमी दिसल्याची उदाहरणे भारतातील डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. चित्र मोठे प्रेक्षणीय असते, परंतु काचपट्टीवर जे सापडू शकते त्याच्यासाठी इतका खर्चिक खटाटोप का करावा?

शौचतपासणीत काही निघाले नाही, शौचात छुपे रक्त असल्याचे मात्र रासायनिक परीक्षेत दिसले, पोटाची सोनोग्राफी झाली, वरून आणि खालून दुर्बीण टाकून झाली, तरीही गळती सापडली नाही, तर मग मधल्या पट्ट्याकडे वळावे लागते. येथे त्या कॅमेऱ्याची पाळी येते.

क्षेपणास्त्राच्या डोळ्यापासून

शरीराच्या आत पाहण्याची धडपड जुनी आहे. १८६८ साली जर्मनीत आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरांनी तलवार गिळून दाखवणाऱ्या एका खेळकऱ्याला हाताशी धरून सरळ धातूची नळी त्याच्या जठरापर्यंत उतरवली होती. तलवार गिळणारे रोगी काही रोज मिळत नाहीत. पुढे लवचिक नळी हवी होती. प्रकाश वाकवून नेणाऱ्या काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवता येते, हे १९५४ साली हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी इंग्लंडमध्ये दाखवले. तीन वर्षांत हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत काचतंतूंची पहिली जठरदुर्बीण वापरात आणली. त्याच वर्षी, १९५७ साली, मॅके आणि याकॉबसन यांनी गिळता येईल अशी ‘रेडिओ गोळी’ केली. ती आतला दाब आणि तापमान कळवी. तिला डोळा मात्र नव्हता.

तो डोळा बसवण्याची कल्पना गाव्हरिएल इदान या इस्रायली अभियंत्याची. क्षेपणास्त्राच्या टोकाशी जो ‘डोळा’ असतो तो बनवणे हा त्यांचा व्यवसाय. १९८१ साली ते बोस्टनला राहत असताना त्यांच्या शेजारी एतान स्कापा हे पोटविकारांचे डॉक्टर होते. लहान आतडे आम्हांला दिसत नाही, ही त्यांची तक्रार इदान यांच्या मनात घर करून राहिली. क्षेपणास्त्र लक्ष्याकडे जाताना चित्रे पाठवते, तर गोळी आतड्यातून जाताना का पाठवू नये? अडचण होती ती विजेची. त्या काळचे प्रकाशसंवेदक इतकी वीज खात की इवल्याशा घटावर कॅमेरा काही मिनिटेच चालला असता. १९९० नंतरच्या दशकात अत्यल्प विजेवर चालणारे नव्या जातीचे संवेदक तयार झाले. आज मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यात असतात त्यांचेच हे भाऊबंद. त्यांनी कोडे सोडवले. लंडनचे डॉक्टर पॉल स्वेन यांचेही याच दिशेने काम चालू होते. दोघे एकत्र आले. १९९९ साली स्वेन यांनी कॅप्सूल स्वतःच गिळून पाहिली! २००० सालच्या मे महिन्यात ‘नेचर’ साप्ताहिकात हा शोध प्रसिद्ध झाला. अमेरिकेत २००१ साली मोठ्या माणसांसाठी कॅप्सूलला परवानगी मिळाली, त्यानंतर प्रथम दहा वर्षांवरील मुलांसाठी आणि २००९ साली दोन वर्षांवरील मुलांसाठी.

कॅप्सूलचे पोट फाडून पाहिले तर काय दिसेल? २६ मि.मी. लांब आणि ११ मि.मी. जाड अशा कवचाच्या एका टोकाला पारदर्शक घुमट. त्यामागे भिंग, भिंगाभोवती लुकलुकणारे पांढरे दिवे, मग चित्रसंवेदक, मनगटी घड्याळात असतात तसे चांदीच्या ऑक्साइडचे दोन घट, आणि शेवटी छोटासा रेडिओप्रेषक. वजन चार ग्रॅमच्या आत. रोग्याच्या पोटावर चिकटवलेल्या पट्ट्या किंवा कमरेचा पट्टा हे संदेश झेलतात आणि खांद्याला लटकवलेल्या पेटीत चित्रे साठत जातात.

(येथे एक इशारा देणे भाग आहे. कॅप्सूलमधले घट कवचात हवाबंद केलेले असतात. सुटा बटन-सेल, मग तो घड्याळाचा असो, खेळण्याचा असो की रिमोटचा, लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर त्याच्या विजेने दोन तासांतही नलिका भाजून निघू शकते. घरात असे घडले तर शौचातून पडेल म्हणून वाट पाहू नका. मुलाला तडक रुग्णालयात न्या.)

कॅप्सूलला स्वतःचे इंजिन नाही. घास ज्या लाटेने पुढे सरकतो त्या क्रमसंकोचानेच ती सरकते. पहिल्या कॅप्सूल सेकंदाला दोन चित्रे घेत आणि आठ तास चालत. २ × ३६०० × ८ म्हणजे ५७,६०० चित्रे! सेकंदाला दहा या वेगाने डॉक्टरांनी ती पाहायची म्हटली तरी दीड तासाहून अधिक वेळ डोळे न हलवता बसावे लागेल. साडेचार मीटरचे आतडे कॅप्सूलने चार तासांत पार केले असे धरा. सरासरी वेग सेकंदाला सुमारे ०.३ मि.मी. येतो. म्हणजे दोन चित्रांमधले अंतर फक्त ०.१५ मि.मी., मग काही सुटायला नकोच, असे तुम्हांला वाटेल. सरासरी येथेच फसवते. कॅप्सूल एखाद्या वळणावर दहा मिनिटे तशीच पडून राहते आणि मग एका लाटेसरशी हातभर पुढे उडी मारते. नेमका त्या हातभरात व्रण असला तर? म्हणून नव्या कॅप्सूल आपला वेग ओळखतात. जोरात सरकू लागल्या की सेकंदाला सहापर्यंत चित्रे घेतात. चित्रे चाळण्याच्या कामात आता संगणकाचीही मदत होते, तरी शेवटचा निवाडा डॉक्टरांचाच.

लहान मुलाचा प्रश्न वेगळा

आता आपल्या फैजपूरच्या मुलीकडे परत येऊ. मोठ्या माणसाला २६ मि.मी.ची कॅप्सूल म्हणजे पाण्याबरोबरची एक मोठी गोळी. पाच वर्षांच्या मुलीला ती डोंगराएवढी वाटते. बरे, मुलीसाठी छोटी कॅप्सूल मिळत नाही. मोठ्यांचीच तिला द्यायची. युरोपातील काही रुग्णालयांनी मिळून दीड ते आठ वर्षांच्या ८३ मुलांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी २० मुलांनीच कॅप्सूल स्वतः गिळली आणि त्यांतले सर्वांत लहान चार वर्षांचे होते. उरलेल्या ६३ जणांना भूल देऊन, दुर्बिणीच्या टोकाला कॅप्सूल अडकवून ती थेट आद्यांत्रात नेऊन सोडावी लागली. म्हणून काही ठिकाणी मुलांना आधी सराव देतात. लहान गोड गोळीपासून सुरुवात करून क्रमाने मोठी गोळी पाण्याबरोबर गिळायला शिकवतात. हे काम यंत्राचे नाही. समजूत घालणाऱ्या माणसाचे आहे. आणि वर्गातल्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांना ते किती नाजूक आहे हे सांगायला नकोच.

दुर्बिणीने कॅप्सूल नेण्यात आणखी एक फायदा असतो. जठर आणि आद्यांत्र यांच्यामध्ये स्नायूचे एक दार आहे. लहान मुलात ते चिंचोळे असते आणि कॅप्सूल कधी कधी त्याच्या अलीकडेच घुटमळत राहते. घट आठ तास चालतात. त्यांतले सहा तास जठराच्याच भिंतींची चित्रे काढण्यात गेले तर उपयोग काय?

मात्र खरी धास्ती पुढच्या वाटेची आहे. ठिबकची नेहमीची नळी १६ मि.मी.ची असते. ११ मि.मी.ची कॅप्सूल तिच्यातून निघून जाईल. पण नळी एके ठिकाणी चेपली असेल तर? आतड्यालाही असे चेप पडतात. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अजून आढळतो. त्याचे व्रण भरून येताना आतडे आवळले जाते. क्रोन या नावाच्या विकारातही, ज्यात आतड्याची भिंत वरचेवर सुजत राहते, तसेच होते. गंमत अशी की ज्या मुलांना कॅप्सूलची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यातच असे आवळलेले आतडे असण्याचा संभव जास्त. गिळलेली कॅप्सूल दोन आठवड्यांनंतरही बाहेर पडली नाही तर ती अडकली असे समजतात. मुलांत शंभरातून एक ते तीन वेळा असे घडते. कधी औषधाने सूज उतरली की ती सुटते. कधी दुर्बिणीने काढावी लागते. कधी पोट उघडावे लागते. मुलीची गळती शोधायला गेलो आणि तिच्यावर शस्त्रक्रियेची पाळी आणली, अशी गत व्हायची!

यावर काढलेली युक्ती मला मूळ कॅप्सूलइतकीच हुशारीची वाटते. खऱ्या कॅप्सूलच्या आधी एक खोटी कॅप्सूल पाठवायची. माप तेच, पण कॅमेरा नाही. ती दुग्धशर्करेची बनवलेली असते, आणि क्ष-किरणांत दिसावी म्हणून तिच्यात थोडे बेरियम मिसळलेले असते. वाट मोकळी असली तर ती आहे त्या आकारात बाहेर पडते. वाटेत अडकली तर सुमारे तीस तासांनंतर विरघळू लागते आणि तिचा भुगा निघून जातो. गड चढण्याआधी वाटाड्या पुढे धाडावा, तसेच हे. फरक एवढाच की हा वाटाड्या परत न आला तरी कोणाचे नुकसान होत नाही. तो अखंड बाहेर आला तरच कॅमेरा पाठवायचा.

तपासणीच्या आदल्या रात्रीपासून मुलाला खायला देत नाहीत. आतडे स्वच्छ नसले तर भिंगासमोर अन्नाचे कण आणि फेसच दिसतो. कॅप्सूल गेल्यावर दोन तासांनी पाण्यासारखे पातळ पदार्थ आणि चार तासांनी हलके खाणे देता येते. मूल खेळू शकते, चित्रे काढत बसू शकते. भूल न देता कॅप्सूल गिळली असेल तर त्याला यात दुखत काहीच नाही. अट एकच: कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एम.आर.आय. यंत्राजवळ जायचे नाही, कारण त्याच्या प्रचंड चुंबकाला आतला धातू ओढला जाईल.

चित्रांत काय काय सापडते? कधी भिंतीवर नखाएवढ्या लालसर रक्तवाहिन्यांचे जाळे. कधी क्रोनच्या विकाराचे छोटे व्रण, जे दुसऱ्या कोणत्याही तपासणीत दिसले नव्हते. कधी देठावर लोंबणाऱ्या मांसल गाठी. ओठांवर काळसर ठिपके असलेल्या काही मुलांत अशा गाठी वंशपरंपरेने येतात, आणि त्यांच्यामुळे आतडे दुर्बिणीच्या नळ्यांसारखे एकात एक शिरून बसते. कधी मेकेल यांच्या नावाने ओळखली जाणारी जन्मजात पिशवी. शंभरातल्या सुमारे दोन माणसांत ती असते. बहुतेकांना आयुष्यभर तिचा पत्ता नसतो, पण ती रक्तस्राव करू लागली तर तो बहुधा लहानपणीच. हिच्यासाठी किरणोत्सर्गी टेक्निशियमची निराळी तपासणी आहे आणि तीच आधी करणे शहाणपणाचे. गव्हातल्या प्रथिनाने आतड्याचे अंकुर झिजतात तो सेलिअक विकारही कॅप्सूलला दिसतो. पण त्यासाठी वरून घातलेल्या दुर्बिणीने आद्यांत्राचा कण काढून तपासणे पुरते. ज्वारी-कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्या खानदेशापेक्षा गहू खाणाऱ्या उत्तर भारतात हा विकार अधिक आढळतो.

कॅप्सूलच्या हातून होत नाही अशा गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. ती कण काढून आणू शकत नाही, रक्त थांबवू शकत नाही, ‘जरा मागे जा, तो व्रण पुन्हा पाहू दे’ असे तिला सांगता येत नाही. व्रण क्षयाचा की क्रोनचा, हे चित्रावरून पुष्कळदा ठरत नाही, आणि दोघांचे उपचार तर एकमेकांच्या विरुद्ध: क्रोनसाठी शरीराची प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे क्षयाच्या रोग्याला दिली तर क्षय भडकतो. म्हणून व्रण सापडला की तेथपर्यंत जाऊन कण आणणारे दुसरे साधन लागते. जपानच्या हिरोनोरी यामामोटो यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेली फुग्यांची दुर्बीण हे काम करते. नळीवरचा फुगा फुगवून आतडे धरायचे, बाहीवर बाही सारावी तसे ते मागे गोळा करायचे, आणि पुढे सरकायचे. अगदी लहान मुलात हे अवघड आणि भूल देऊनच करावे लागणारे काम आहे. कॅप्सूलने जागा आधी दाखवली असेल, तर वरून जायचे की खालून हे ठरवता येते आणि निम्मा त्रास वाचतो.

फैजपूरजवळ भुसावळचे जंक्शन आहे, जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शौचतपासणी, रक्ततपासणी, सोनोग्राफी इथपर्यंतची वाट जिल्ह्यातच चालता येते. कॅप्सूल देणारे आणि लहान मुलांच्या आतड्यांची चित्रे वाचण्याची सवय असलेले डॉक्टर मात्र मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांतच सहसा भेटतात. कॅप्सूल एकदाच वापरता येते आणि ती महाग आहे. म्हणून मुलीला घेऊन रेल्वेत बसण्याआधी आईवडिलांनी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: आधीच्या साऱ्या तपासण्या झाल्या का? आणि वाट मोकळी असल्याची खात्री कशी करणार?

तपासणी झाल्यावर पेटी रुग्णालयात परत द्यायची. कॅप्सूल बहुधा एक-दोन दिवसांत शौचावाटे पडते. आईने तेवढे लक्ष ठेवायचे. पडलेली दिसली नाही, तर पोटाचा एक साधा क्ष-किरण फोटो काढला की ती आत आहे की नाही ते लगेच कळते.